बाटल्या, केग आणि आईचा सोडा

मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली त्या हिवाळ्यात मी बिअर करायला शिकले. शिकवली शेजाऱ्यांनी. ते सत्तरी ओलांडलेले, एका कार पार्ट्सच्या कारखान्यात धातूचे साचे, म्हणजे डाय, बनवण्याच्या कामातून रिटायर झालेले आणि पत्नी गेल्यापासून एकटे. मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही चौदा वर्षं राहतोय. त्यातल्या निदान दहा हिवाळ्यांत आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ आम्ही उठायच्या आत त्यांनी काढलेला असायचा. त्या वर्षी मी त्यांना कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या द्यायला गेले. दार उघडलं आणि आतून गव्हाचा चीक शिजल्याचा वास आला. उन्हाळ्यात कुरडया करताना घरभर पसरतो तो. मी दारातच थांबले. इतक्या वर्षांत तो वास मला अमेरिकेत कुठेच आला नव्हता.

शेगडीवर मोठ्या पातेल्यात मोड आणून भाजलेल्या सातूचं, म्हणजे बार्लीचं, पाणी उकळत होतं. त्यांनी मला चमचाभर चाखायला दिलं. गोड, दाट, थोडं करपट. मी गाड्यांच्या रंगांच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. कुठलाही द्रव दिसला की तो किती घट्ट आहे, किती तापमानाला बदलेल, हे प्रश्न माझ्या डोक्यात आपोआप येतात. मी एकामागून एक विचारत गेले, ते सांगत गेले, आणि पुढच्या शनिवारी मी त्यांच्या पातेल्यासमोर थर्मामीटर धरून उभी होते. वर्षभरात सगळी सामग्री आमच्या बेसमेंटमध्ये आली, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात जागा कमी होती. म्हणजे तेव्हा त्यांनी मला असंच सांगितलं.

माझं पिणं म्हणजे अर्धा ग्लास. आमचं नागपूरचं घर बौद्ध. दारूचं नावही घरात कोणी काढत नसे. पंचशीलातलं पाचवं, मद्य न घेण्याचं शील लहानपणी मी इतर चारांच्या चालीतच म्हणायचे, पण ते म्हणताना आईचा आवाज किंचित वर चढायचा, हे मला आठवतं. म्हणून या बिअरबद्दल मी आईला काही सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोनवर आम्ही भाजीपाल्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायचो, आणि मी मागच्या शनिवारी काय केलं ते गाळायचे.

बिअर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पण तिचं खरं काम शेवटी येतं. पन्नासेक बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, साखरेचा मोजका पाक घालून बिअर त्यांत भरायची आणि प्रत्येकीला हाताच्या यंत्राने पत्र्याचं झाकण दाबून बसवायचं. मग यीस्टने ती साखर खाऊन बाटलीत गॅस तयार व्हायला आणखी दोन आठवडे वाट बघायची. आमचा अख्खा रविवार यात जायचा. ते भरायचे, मी झाकणं लावायचे. पाठ भरून यायची.

तिसऱ्या वर्षी मी केग घेऊ या म्हणून त्यांच्या मागे लागले. केग म्हणजे स्टीलचा उंच डबा. सगळी बिअर एकदम त्यात ओतायची, सिलिंडरमधून गॅस द्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि नळाने ग्लास भरायचा. पन्नास बाटल्यांऐवजी एकच भांडं घासायचं. मला यात विरोध करण्यासारखं काही दिसत नव्हतं. ते मात्र ऐकेनात. त्यांच्या फ्रिजच्या दारावर कारखान्यातल्या चार जुन्या सोबत्यांची यादी होती. कोणी ओहायोत मुलीकडे, कोणी उत्तरेला तळ्याकाठी. दर खेपेला त्यांच्यासाठी बाटल्या बाजूला निघत आणि कोणी ना कोणी त्या दिशेला जाणारं सापडलं की रवाना होत.

“केगमधली बिअर केगपाशीच राहते,” ते म्हणाले. “ज्याला हवी त्याने माझ्या दारात यायचं. त्यांच्यातला एकही आता येऊ शकत नाही.”

मी म्हटलं, पन्नासांतल्या बारा बाटल्यांसाठी आपण पन्नास का धुवायच्या? ते हसले आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या वेळी मी पुन्हा काढला, पुन्हा राहिला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मी नवऱ्याला सांगितलं. नवरा माझ्या बेसमेंटला ‘तुझी लॅब’ म्हणतो आणि या वादात पडत नाही.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याकडे यायची होती, मे महिन्यात, चांगली पाच महिन्यांसाठी. व्हिसाचं काम अपेक्षेपेक्षा लवकर झालं आणि तिकीट तीन आठवडे आधीचं मिळालं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी बेसमेंटमधली बादली आठवली. त्यात वीस लिटर बिअर आंबत होती. आंबणं पुरतं थांबलं की नाही हे बघायला एक काचेची नळी असते. ती द्रवात तरंगते आणि आकडा दाखवते. आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. आमचा आकडा अजून खाली सरकत होता.

“चार दिवस थांब,” शेजारी म्हणाले.

मी म्हटलं, शुक्रवारी आई येतेय. बादली तिच्या डोळ्यांसमोर ठेवता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाटल्या मोजायला लागले. बुधवारी संध्याकाळी आम्ही बाटल्या भरल्या. मी खोकी वॉशर, ड्रायर आणि पाणी तापवायची टाकी असते त्या खोलीत, टाकीला लागून रचली आणि वर जुनी चादर टाकली. अपुरी आंबलेली बिअर, वर साखर घातलेली, आणि गरम टाकीच्या शेजारी. लॅबमध्ये एखाद्या ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला तासभर बसवून समजावलं असतं.

आई आली. दुसऱ्याच दिवशी तिने वंदनेसाठी शांत जागा विचारली. बॅगेतून तिने दोन तसबिरी आणल्या होत्या; आमच्याकडे प्रत्येक घरात असतात त्याच. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, “आई, बेसमेंटमध्ये बसा ना, खाली एकदम शांत असतं.” त्याच्या मनात खरोखरच काही नव्हतं. मग रोज सकाळी आई खाली बसायची, त्या खोलीच्या दारापासून दहा-बारा पावलांवर. मी वर चहा ठेवायचे आणि पाचवं शील येईपर्यंत माझं लक्ष चहात नसायचं. मुलीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, “आई, जस्ट टेल हर. शी इज नॉट फाइव्ह.” मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, आई ड्रायरमधले कपडे काढायला खाली गेली होती. मी भांडी लावत होते. खालून ठप्प असा आवाज आला, लगेच दुसरा, आणि काच पडल्याचा. मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही.

आई खोलीच्या बाहेर, अर्धवट लोटलेल्या दाराच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून उभी होती. एक हात डोळ्यांवर आडवा. दुसरा हात तिने माझ्यासमोर आडवा धरला.

“पुढे येऊ नको. एक फुटली की बाजूची फुटते.”

दाराखालून फेस येत होता, गालिच्याकडे सरकत होता. आईने डोळ्यांवरचा हात न काढता विचारलं, घरात पोतं आहे का. बासमती तांदूळ येतो ती जाड पिशवी मी साठवून ठेवते. तशा दोन होत्या. तिने त्या भिजवून आणायला सांगितल्या. मी आणल्या. तिने मला मागे सारलं, दाराच्या फटीतून हात घालून एकेक पिशवी अशी फेकली की दोन्ही खोक्यांवर नीट पसरल्या. आणखी एक बाटली फुटली, पण या वेळी आवाज पोत्याखाली दबला. मग आम्ही दोघी जिन्यावर जाऊन बसलो. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुकरची शिट्टी व्हायची वाट बघतात तशी ती बसली होती.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “काय आहे त्यात?”

“बिअर.”

“कोणाची?”

“माझी. मी करते.”

ती उठली, कपड्यांची टोपली राहिली होती ती तशीच सोडून वर गेली. संध्याकाळी तिने दोन्ही तसबिरी खालून उचलून मुलीच्या खोलीत नेल्या. त्यापुढे दोन दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नव्हती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, एवढंच.

सोमवारी ऑफिसमधून आल्यावर शेजारी आणि मी ती खोली उपसली. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे. उरलेली एकेक बाटली उघडून गॅस सोडायचा आणि बिअर मोरीत ओतायची. फेस छतापर्यंत उडत होता. झाकणं मी काढत होते, ते बादली धरून उभे होते. बादलीची कडी त्यांनी कोपराच्या घडीत अडकवली होती. हे मी पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही. चूक माझी आहे, मी घाई केली, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “मलाही नकार देता आला असता.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, तुझी आई ठीक आहे ना. मी म्हटलं, तिने मला वाचवलं, आणि आता ती माझ्याशी बोलत नाही.

मंगळवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी सांभार निवडत बसली होती. नागपूरला कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि आई इथल्या दुकानातही ते सांभारच मागते. मी समोर बसले. तिने काड्या बाजूला करत करत बोलायला सुरुवात केली.

तिच्या वडिलांचं सोड्याचं दुकान होतं, हे मला माहीत होतं. ते कुठे होतं, हे माहीत नव्हतं. ते देशी दारूच्या दुकानाला लागून होतं. गोटी सोडा, हिरवट काचेची बाटली, गळ्यात काचेची गोटी. हाताने फिरवायच्या यंत्रात बाटली घालायची, गरागरा फिरवायची, आत गॅस भरला की गोटी तोंडाशी येऊन बसायची. शाळेतून आली की आई यंत्र फिरवायची. बाटल्या फुटायच्या, म्हणून अंगावर आणि खोक्यांवर ओलं पोतं. तिच्या उजव्या मनगटाच्या वर जी पांढरी रेघ आहे ती त्यातली. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा ती बांगडी लागली म्हणाली होती.

“सोडा लिंबू टाकून पिणारे किती होते?” ती म्हणाली. “दहात एक. बाकी सगळे तिकडून घेऊन आमच्याकडे यायचे. मी डी.एड. झाली, मास्तरीण झाली, ते त्याच सोड्यावर. मी तुला कोणत्या तोंडाने सांगू?”

मी तिच्या पुढ्यातली थोडी जुडी माझ्याकडे ओढली.

“तुझा मामा कावीळ होऊन गेला असं सांगितलं ना तुला. तो दुकानात बसायचा. आधी गिऱ्हाईक आग्रह करायचे. मग तो लपून घ्यायला लागला. यंत्राच्या मागे, पोत्याखाली. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. मीही नाही बोलली. मी रोज ते पोतं उचलायची न.”

तिने निवडलेला सांभार वाटीत भरला.

“काहून लपवलं तू? चादर टाकून?”

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून. ती म्हणाली, वाईट वाटलंच असतं. पण चादर बघितली तेव्हा जास्त वाटलं. तिने ती चादर पहिल्याच आठवड्यात बघितली होती. कपडे धुवायला रोज त्या खोलीत जाणाऱ्या बाईपासून मी काय लपवणार होते? मी स्वतःहून सांगेन याची ती वाट बघत होती.

मी किती पिते, तेही तिने विचारलं. मी खरं सांगितलं. विकत नाहीस ना, विचारलं. नाही म्हटलं. “मग ठीक आहे असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “शील मी माझ्यासाठी घेतलं आहे, तू तुझं बघ. पण लपवायचं नाही. आणि भरायचीच असेल तर नीट भर. काच डोळ्यात गेली असती त्या शेजारच्या माणसाच्या.”

तसबिरी वरच राहिल्या. वरच्या खोलीत उजेड चांगला येतो, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं.

पुढची बिअर मी घाई न करता केली. आकडा तीन दिवस हलला नाही, तेव्हा भरायचा रविवार ठरवला. सकाळी शेजारी आले, आम्ही कामाला लागलो, आणि थोड्या वेळाने आई जिना उतरून खाली आली. पदर खोचलेला, चष्मा लावलेला. काही वेळ तिने बघितलं. मग धुतलेली एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली, तोंडावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. दुसरी उचलली. अशा सहा बाटल्या तिने बाद केल्या. शेजाऱ्यांनी त्यातली एक घेऊन बराच वेळ निरखली, तेव्हा त्यांना तोंडाशी केसासारखा तडा दिसला. आयुष्यभर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी खेळलेला माणूस. त्यांनी आईकडे बघून मान लववली.

आईने माझ्या हातातून झाकणाचं यंत्र घेतलं. दोन्ही दांडे एकाच दाबात खाली, एक सेकंद थांबायचं, वर. माझ्या निम्म्या वेळात. तिला इंग्रजी समजतं, बोलायला संकोच वाटतो. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण भरणाऱ्याने किती भरायचं आणि कधी थांबायचं यावर दोघांचं कडाक्याचं एकमत होतं. दुपारपर्यंत ती त्यांना भाऊ म्हणायला लागली होती. “भाऊ, हळू.” आणि ते हळू करत होते.

काम संपल्यावर आईने चहा केला. ते गेल्यावर कप उचलताना तिने विचारलं, “ते बाटली कशी उघडत असतील?”

“ओपनरने.”

“तू बघितलं?”

मी आठवायला लागले. बघितलं नव्हतं. आमच्याकडे मीच उघडायचे. आई म्हणाली, ते कपाचा कान धरत नाहीत, कप दोन्ही तळव्यांत धरतात. आणि भरताना नळी बोटांनी दाबत नव्हते, मनगटाने दाबत होते. बेसमेंटमध्ये सामान का आलं, बादली कोपरात का अडकवली, हे सगळं मला तेव्हा एकदम कळलं. तीन वर्षं मी शेजारी उभी होते. आईने एका दिवसात ओळखलं. लपवणारं माणूस तिने जवळून बघितलेलं होतं.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे पिठलं घेऊन गेलो. आईने स्वयंपाकघरात डबा ठेवायला जागा शोधता शोधता कोठीचं दार उघडलं. फळीवर त्यांच्या वाटणीच्या बाटल्या ओळीने होत्या. प्रत्येक खेपेची तारीख पेन्सिलीने झाकणावर लिहिलेली. मागच्या शरदातल्या, हिवाळ्यातल्या, वसंतातल्या. एकही कमी झालेली नव्हती. ते म्हणाले, मुरायला ठेवल्यात.

आईने एक बाटली काढून टेबलावर त्यांच्या पुढे ठेवली. ओपनरही ठेवला. त्यांनी दोन्हींकडे बघितलं आणि मग दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. बोटांची पेरं सुजलेली, करंगळ्या आत वळलेल्या.

“गेल्या वर्षापासून जमत नाही,” ते म्हणाले.

त्यांनी आपल्या मुलाला सांगितलं नव्हतं, कारण तो लगेच वृद्धांच्या वसाहतीची माहितीपत्रकं पाठवेल. मला सांगितलं नव्हतं, कारण मी आधीच केगचा धोशा लावला होता; मग तो केग त्यांच्या हातांसाठी आलेला असता. “मला ते नको होतं,” ते म्हणाले. मी हे आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना सांग, बारा बाटल्या दोस्तांसाठी मी भरून देते. बाकीची त्यांच्या नळाला जाऊ दे. घरात असून प्यायला मिळत नाही, ही कोणती रीत?” मी शब्दशः सांगितलं. दारूला न शिवणाऱ्या बाईने हे म्हटलं, याची गंमत त्यांनाही कळली. ते हसता हसता डोळे पुसायला लागले आणि म्हणाले, ठीक आहे, पण बसवणार मी.

मग खरंच त्यांनीच बसवला. गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजच्या दाराला भोक कुठे पाडायचं ते त्यांनी तीनदा मोजून खुणावलं. ड्रिल मी चालवला. नळाला जी छोटी काळी मूठ आली होती ती त्यांनी काढून टाकली आणि आपल्या एका जुन्या हातोडीचा लाकडी दांडा तिथे बसवला, वीतभर लांब. तो बोटांनी धरावा लागत नाही. तळव्याच्या कडेने ओढला तरी नळ उघडतो.

नवीन केग गळतो का हे बघायला आधी नुसतं पाणी भरून गॅस द्यायचा असतो. मी जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत होते. आई म्हणाली, “पाण्यात गॅस म्हणजे सोडाच की.” दुसऱ्या दिवशी तिने ग्लास भरून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “याच्यात जोर नाही.” मी दाब वाढवला. तिसऱ्या दिवशी आणखी वाढवला. चौथ्या दिवशी घोट तिच्या नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, “आता झाला.” त्यात लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. शेजाऱ्यांनी ग्लास एका दमात संपवला आणि इतका मोठा ढेकर दिला की आई खुर्चीचा हात धरून हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

मग बिअर लांबलीच. आईने तो केग दोनदा सोड्यानेच भरायला लावला. आमच्या मराठी मंडळींपैकी सात-आठ कुटुंबांना आम्ही जेवायला बोलावलं. नागपूर, पुणे, अकोला, सगळीकडचे. फ्रिज त्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये ढकलत आणला होता आणि नळापाशी आई उभी होती. मुलांनी तिला घामाघूम केलं. एका काकांनी बाजूला येऊन हळूच विचारलं की दुसरंही काही आहे म्हणे. आईने ऐकलं. “आहे, बाटलीत. भाऊंनी केली आणि माझ्या मुलीने केली,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “ज्याला घ्यायची त्याने घ्या. गाडी चालवणाऱ्याने सोडा घ्या.” मी पोळ्यांचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझी मुलगी सुट्टीत आली होती. ती माझ्या कानात म्हणाली, “सी?”

सप्टेंबरच्या शेवटी, आई जायच्या आठ दिवस आधी, केगमध्ये पहिल्यांदा बिअर गेली. बारा बाटल्या आईने आधी भरून, झाकून, खोक्यात ओल्या पोत्याखाली ठेवल्या होत्या. केग गॅसवर ठेवून आठवडा झाला तेव्हा आम्ही तिघं त्यांच्या गॅरेजमध्ये जमलो. बाहेर मेपलची पानं पिवळी पडायला लागली होती. दार वर सरकवलेलं होतं, ऊन आत येत होतं. मी ग्लास धरायला पुढे झाले, तर आईने माझं कोपर धरून ओढलं. मी मागे झाले.

त्यांनी ग्लास डाव्या तळव्यात टेकवला, उजव्या हाताच्या कडेने दांडा ओढला. पहिला ग्लास सगळा फेस निघाला. तो त्यांनी शांतपणे ओतून टाकला. दुसरा भरताना ग्लास थोडा तिरका धरला. तांबूस, स्वच्छ, वर दोन बोटं फेस. त्यांनी आम्हाला विचारलं नाही, बसले नाहीत. उन्हात उभं राहून अर्धा ग्लास प्यायले, मग ओठांवरचा फेस मनगटाने पुसला.

“याला गॅस थोडा कमी चालेल,” ते मला म्हणाले. आणि पुढची खेप कुठल्या सातूची करायची यावर बोलायला लागले.

आईला डेट्रॉइटहून नेवार्क आणि तिथून मुंबईचं विमान होतं. शेजारी आमच्याबरोबर डेट्रॉइटच्या विमानतळापर्यंत आले. निरोप घेताना आईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, पेरांना दुखणार नाही असे. मुलाला त्यांनी बोटांचं सांगून टाकलं आहे. त्याने माहितीपत्रकं पाठवली नाहीत; तो थँक्सगिव्हिंगला चार दिवस येऊन राहिला आणि त्याने स्नानघरात धरायला दांड्या बसवून दिल्या. मी आता एकटीने बारा बाटल्या भरते, तासाभरात होतात. आईसारखी झाकणं मला अजून बसवता येत नाहीत. दर रविवारी ती फोनवर विचारते, काय काय केलं या आठवड्यात, आणि मी शनिवारसकट सगळं सांगते. पुढच्या मे महिन्याचं तिकीट काढून झालं आहे. या वेळी तिने सोड्यासाठी वेगळा केग मागितला आहे, म्हणजे भाऊंची बिअर अडून राहणार नाही.